भारी फ्रेंच वाइन, हृदय आणि यकृत



"डॉक्टर, ही साधीसुधी नाही, फ्रान्सची आहे. हिने काय होणार?" हा प्रश्न मला गेली काही वर्षं वरचेवर विचारला जातो. मुलं-मुली परदेशात असतात, सुट्टीवर येताना एखादी भारी बाटली आणतात. विचारणारे बरेच जण एरवी दारूला हातही लावत नाहीत. पण वाइन, त्यातही फ्रेंच, त्यातही व्हाइट, म्हणजे जवळपास द्राक्षाचा रसच, अशी त्यांची समजूत असते. २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय महाराष्ट्रात गाजला, तेव्हाही ‘वाइन ही दारू की नाही’ यावर घराघरात वाद झाले. आज या प्रश्नाचं उत्तर एक खरीखुरी वाइन समोर ठेवून देतो.

बाटलीमागचं घर

काही वर्षांपूर्वी मी स्ट्रासबुर्गला एका वैद्यकीय परिषदेसाठी गेलो होतो. एक दिवस मोकळा होता, म्हणून रेल्वेने कोलमारला आणि तिथून बसने रिबोविले नावाच्या गावी गेलो. हा फ्रान्सचा पूर्वेकडचा आल्सास प्रांत. एका बाजूला ऱ्हाइन नदी, दुसऱ्या बाजूला व्होज पर्वत. पश्चिमेकडून येणारा पाऊस व्होज अडवतो, त्यामुळे कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. सह्याद्रीच्या आडोशाला माण-खटाव कोरडं राहतं, त्यातलाच प्रकार. कोरड्या, लांबलेल्या शरदात तिथली द्राक्षं सावकाश पिकतात.

या गावात ट्रिम्बाख नावाचं घराणं १६२६ पासून वाइन करतं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही चार वर्षं आधीपासून. १८७१ नंतर हा प्रांत जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेला आणि १९४५ मध्ये परत फ्रान्सचा झाला. घराण्याचा धंदा मात्र चालूच राहिला. शेजारच्या उनाविर गावात त्यांचा ‘क्लो सॅंत उन’ नावाचा एक छोटा द्राक्षमळा आहे, सुमारे ४ एकरांचा. चुनखडीची जमीन आणि रिस्लिंग ही एकच जात. या मळ्याच्या नावाने १९१९ पासून वाइन निघते आणि ती बाटलीत काही वर्षं मुरल्यावरच विकायला काढतात. जगातल्या उत्तम व्हाइट वाइन्समध्ये तिचं नाव घेतात. एका बाटलीची किंमत शंभर युरोंच्या बरीच पुढे जाते.

ती महागडी वाइन मी चाखलेली नाही. याच घराण्याची साधी रिस्लिंग मात्र त्या दिवशी जेवताना घोटभर घेतली. लिंबाच्या सालीसारखा वास, गोडी जवळजवळ नाही आणि जिभेच्या कडांना झोंबणारा स्वच्छ आंबटपणा. आवडली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते या वाइनला नावं ठेवण्यासाठी नाही. छाटणी, थंडी, पाऊस आणि मजुरी यांचा हिशोब करत एकच मळा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणं काय असतं, हे नाशिककडच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. त्या कष्टाला दाद द्यावीच.

त्याच बाटलीत डॉक्टरला काय दिसतं

व्हाइट वाइन करताना द्राक्षं दाबून रस लगेच सालींपासून वेगळा करतात आणि मग तो रस आंबवतात. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. दर लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. वाइनमध्ये ते १३ टक्के झालं, तर लिटरमागे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर अल्कोहोल होऊन गेली. आता तो द्राक्षाचा रस राहिला नाही.

हे अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. क्लो सॅंत उनमधलं इथेनॉल आणि कोपऱ्यावरच्या देशी दारूच्या दुकानातलं इथेनॉल यांत यकृत फरक करू शकत नाही. चव, वास, आम्ल, जमीन, वर्ष या सगळ्यांत फरक असतो, रेणूत नसतो. यकृत त्याचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ पेशींना घातक आहे. त्याचं पुढे ॲसिटेट होतं. बाटलीची किंमत कितीही असली, तरी काम तेच आणि वाटही तीच.

एक हिशोब लक्षात ठेवा. १३ टक्क्यांच्या १०० मिली वाइनमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्येही तितकंच असतं. घरी आपण ग्लास भरतो तो बहुधा १५० ते २०० मिलीचा. म्हणजे "मी फक्त दोन ग्लास वाइन घेतो" याचा अर्थ तीन ते चार छोटे पेग. ७५० मिलीच्या अख्ख्या बाटलीत साडेसात पेग आणि ५०० हून जास्त कॅलरी. पेगचा आकडा ऐकून समोरचा माणूस चमकतो, ग्लासचा ऐकून चमकत नाही. घोटाळा तिथेच आहे.

‘हृदयाला चांगली’ हे कुठून आलं?

फ्रेंच लोक लोणी आणि चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी, असं आकडेवारीत दिसत होतं. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात याचं श्रेय वाइनला देण्यात आलं आणि तिथे रेड वाइनची विक्री एकदम वाढली. १९९२ मध्ये सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी पोहोचला.

पुढे या अभ्यासांमधल्या त्रुटी लक्षात आल्या. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते, त्यामुळे तो गट जास्त आजारी दिसत होता. थोडीशी वाइन घेणारे लोक बरेचदा सुस्थितीतले, शिकलेले, व्यायाम करणारे असतात, तो फायदाही वाइनच्या खात्यावर जमा झाला. आणि ज्या रेस्व्हेराट्रॉलचं इतकं कौतुक होतं, ते द्राक्षाच्या सालीत असतं. व्हाइट वाइनमध्ये साल आधीच बाजूला काढतात, म्हणजे तिथे ते नावापुरतंच. रेड वाइनमध्येही ते इतकं थोडं असतं की त्याचा औषध म्हणून उपयोग नाही.

दुसरी बाजू जास्त पक्की आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या प्रमाणातही वाढतो. कोणतंच प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

फ्रान्सला हे माहीत नाही असं समजू नका. जानेवारी १९९१ मध्ये, म्हणजे त्या टीव्ही कार्यक्रमाच्या आधीच, फ्रान्सने मद्याच्या जाहिरातींवर कडक कायदा केला होता. २००७ पासून तिथे प्रत्येक बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा असतो. मागचं लेबल पाहा, बहुधा गर्भवती स्त्रीचं छोटं चित्र आणि त्यावर तिरकी रेघ दिसेल. तिथल्या आरोग्य संस्थेचा २०१७ पासूनचा सल्ला आहे: आठवड्यात जास्तीत जास्त १० मापं, दिवसात दोनपेक्षा जास्त नाही आणि रोज नाही. एक माप म्हणजे १० ग्रॅम. हा सल्ला निरोगी प्रौढांसाठी आहे, आणि ही वरची मर्यादा आहे, डोस नव्हे. २०१५ मध्ये फ्रान्समध्ये मद्यामुळे सुमारे ४१,००० मृत्यू झाले, असा तिथल्याच सार्वजनिक आरोग्य संस्थेचा अंदाज आहे.

एका पेशंटची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बासष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यात कधी प्यायले नव्हते. अँजिओप्लास्टीनंतर कोणीतरी सांगितलं की रोज वाइन घेतली तर रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी सुरुवात केली. रोज रात्री दोन ग्लास, अगदी नेमाने, औषध घ्यावं तसे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू होतं. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र त्यांनी परस्पर बंद केली होती. "वाइन तेच काम करते ना?" असं ते म्हणाले.

ते आले तेव्हा ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर होतं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि फायब्रोस्कॅनमध्ये यकृत कडक व्हायला लागलेलं. वहिनींनी आणखी एक सांगितलं. एका रात्री वाइन झाली, जेवण जेमतेम झालं आणि दोनच्या सुमारास ते घामाने डबडबून उठले. त्यांना वाटलं हृदय. वहिनींनी ग्लुकोमीटर लावला: ५८. साखर-पाणी दिल्यावर सावरले.

असं का होतं? रात्री आपण उपाशी असताना यकृत रक्तात साखर सोडत राहतं. पण अल्कोहोल आलं की यकृत आधी ते निस्तरायला लागतं आणि नवी साखर बनवणं मागे पडतं. त्यात साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पोटात असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. बोबडी वळणं, झोकांड्या जाणं ही लक्षणं घरच्यांना ‘चढली’ अशी वाटतात आणि वेळ निघून जातो. वहिनींना ग्लुकोमीटर आठवला, हे नशीब.

मी त्यांना सांगितलं, वाइन बंद आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. ते शिस्तीचे गृहस्थ, त्यांनी ऐकलं. पण दिवाळीत मुलगा बासेलहून आला. ते शहर स्वित्झर्लंडचं, पण आल्सासला लागूनच. त्याने साठवून ठेवलेली एक जुनी क्लो सॅंत उन वडिलांसाठी आणली होती. त्यांचा फोन आला, "डॉक्टर, ही तरी?" मी म्हणालो, "ही तरी नाही. तुमच्या यकृतासाठी ही आणि ती एकच." ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वास घेतला तर चालेल?" त्याला माझी काहीच हरकत नव्हती. वाइनची निम्म्याहून जास्त मजा नाकातच असते. बाटली मुलाने आणि सुनेने उघडली, यांनी ग्लास हातात घेऊन वास घेतला आणि परत दिला. वर्षभराने यकृताचा अहवाल आधीपेक्षा बरा आला आणि ट्रायग्लिसराइड १८० वर होतं.

मधुमेहींसाठी लेबल

आल्सासच्या व्हाइट वाइनवर २०२१ च्या हंगामापासून गोडीचं प्रमाण लिहिणं सक्तीचं आहे. ‘सेक’ म्हणजे कोरडी, साखर अगदी कमी. ‘दमी-सेक’ म्हणजे किंचित गोड, ‘मोएलो’ म्हणजे गोड, ‘दू’ म्हणजे लिटरला ४५ ग्रॅमच्या पुढे साखर. पण ‘सेक’ वाचून निर्धास्त होऊ नका. त्यात साखर कमी असली तरी अल्कोहोल आहेच, आणि वर सांगितलेला प्रसंग अल्कोहोलमुळेच घडतो.

कोणी अजिबात घेऊ नये

गर्भवती आणि गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया. फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस, सिरॉसिस किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले. अनियमित ठोक्यांचा त्रास असलेले. झोपेच्या, फिटच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल, वॉरफरिन किंवा क्षयरोगाची औषधं चालू असलेले. पूर्वी व्यसन होतं आणि आता सुटलं आहे असे. ॲसिडिटीच्या रुग्णांनाही व्हाइट वाइनचं आम्ल सोसत नाही. दम्याच्या काही रुग्णांना त्यातल्या सल्फाइटमुळे दमा उठू शकतो. ‘सल्फाइट आहे’ असं लेबलवर लिहिलेलं असतं.

आणि जो आजवर प्यायला नाही, त्याने तब्येतीसाठी सुरू करू नये. हृदयासाठी चालणं, तंबाखू सोडणं, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणं, हे सगळं सिद्ध झालेलं आहे आणि वाइनपेक्षा स्वस्तही.

घेणारच असाल तर

तुम्ही निरोगी आहात, कायद्याने वय बसतं आणि अशी एखादी बाटली भेट आली आहे, तर ती जेवणाबरोबर, चारचौघांत उघडा. एकदा मापाने १०० मिली ओतून ग्लासमध्ये ते कुठवर येतं ते पाहून ठेवा. सावकाश घ्या, मध्ये पाणी प्या, नंतर गाडी चालवू नका. व्हाइट वाइन आम्लधर्मी असते, त्यामुळे नंतर लगेच दात घासू नका, नुसती चूळ भरा. ‘उघडली की संपवलीच पाहिजे’ हे खरं नाही. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर रिस्लिंग तीन-चार दिवस चांगली राहते.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा "कधीकधी घेतो" एवढंच सांगू नका. एका वेळी किती मिलिलिटर आणि आठवड्यातून किती दिवस, हे सांगा. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टइतकाच तो आकडा आम्हाला उपयोगी पडतो.