एकेरी की दुहेरी?

आपल्या या पानावर वाडे झाले, गणेशोत्सव झाले, लष्करमधल्या जुन्या शाळा झाल्या. मी आज पिस्तुलाबद्दल लिहितोय. ग्वाल्हेर-चंबळकडच्या मंडळींना यात नवल वाटायचं नाही, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं. पोस्ट जरा लांबली आहे.

निमित्त मुलाचं. गेल्या वर्षी आम्ही दोघं त्याच्याकडे टेक्सासला तीन महिने होतो. तो तिकडचा नागरिक आहे, रविवारी पिस्तुलाच्या स्पर्धांना जातो. एका रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही भिंडला असताना पिस्तूल वापरायचात ना? मला आता रोज जवळ बाळगायला एक घ्यायचंय. सिंगल-स्टॅक घेऊ की डबल-स्टॅक?"

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी. मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची डबी म्हणजे मॅगझिन. तिच्यात गोळ्या सरळ एकावर एक बसल्या तर सिंगल-स्टॅक. त्याच गोळ्या दोन रांगांत, गवंडी विटा रचतो तशा आड-तिरप्या बसल्या तर डबल-स्टॅक. वर तोंडाशी दोन्ही रांगा बहुतेक पिस्तुलांत एकच होतात. एकेरीत मूठ पातळ राहते पण गोळ्या सहा, सात, फार तर आठ-दहा. दुहेरीत गोळ्या दीडपट-दुप्पट, पण मूठ जाड आणि वजन जास्त. भरताना शेवटच्या दोन-तीन गोळ्यांना अंगठा दुखून येतो म्हणे. सगळा झगडा एवढाच आहे.

आता माझं पिस्तूल. १९८२ साली मला भिंड जिल्ह्यातल्या शाखेत मॅनेजर म्हणून पाठवलं. त्याच वर्षी मलखानसिंहने शरणागती पत्करली होती, पुढच्या फेब्रुवारीत भिंडलाच फूलनदेवीने. तरी रस्ते काही एकदम सुधारले नव्हते. कॅश आणायला जीप, बरोबर बारा बोअरवाला गार्ड आणि मी. गार्ड एकदा म्हणाला, "मैनेजर साब, मेरी तो दो नली हैं, आप भी कुछ रख लो." लायसन मिळालं आणि डीलरकडे एक जुनं जर्मन वॉल्थर पीपी मिळालं. .३२ बोअर, आठ गोळ्यांचं एकेरी मॅगझिन. निवडायला होतंच काय! ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, ते फौज-पोलिसांचं. इशापूरला बनणारं त्यांचं ९ एमएम ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवरचं, तेरा गोळ्यांचं, दुहेरी. १९३५ सालच्या त्या पिस्तुलानेच दुहेरी मॅगझिन जगभर पोचवलं. ओळखीचे एक निवृत्त सुभेदार माझं वॉल्थर हातात घेऊन हसायचे. "आठ में क्या होगा?" मी म्हणायचो, माझ्या गोळ्या खडकीच्या आहेत, पुण्याच्या, एक पुरेल. (काडतुसाच्या बुडावर 'केएफ' असायचं, म्हणजे खडकीचा कारखाना.)

गंमत सोडा. पण किती गोळ्या पुरतात हा प्रश्न ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला वेगळ्या तऱ्हेनेही टोचतो. ३० जानेवारी १९४८ ला वापरलेलं बेरेटा आमच्याच गावात मिळवलेलं होतं. तेही एकेरीच, सात गोळ्यांचं. झाडल्या तीन. माझ्या वडिलांसमोर घरात 'पिस्तूल' शब्द काढायची सोय नव्हती. मी लायसन काढलं तेव्हा ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तर मुलाचा प्रश्न. त्याच्याबरोबर मी दोन रविवार स्पर्धा बघायला गेलो. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाने तिथे बंदूक हातात घ्यायलाही कायद्याची आडकाठी आहे, त्यामुळे खुर्चीत बसून बघणं एवढंच. मला बरंच वाटलं. स्पर्धा आपल्या नेमबाजीसारखी नव्हे. आपल्याकडे २५ मीटर सेंटर-फायरला पाच-पाच गोळ्यांच्या मालिका. महूच्या फौजी केंद्रात तयार झालेल्या विजय कुमारने २०१२ ला लंडनमध्ये रौप्य मिळवलं त्या रॅपिड फायरमध्येसुद्धा पाचच. तिथे मॅगझिन किती मोठं हा प्रश्नच नाही. यांच्याकडे मात्र धावायचं, आडोशाआडून नेम धरायचा, आणि गुणांना वेळेने भागायचं. एका मोठ्या फेरीत ३२ गोळ्यांपर्यंत. एकेरीवाल्यांचा गट वेगळा, .४५ असेल तर मॅगझिनमध्ये आठच. मी बँकवाला, लगेच हिशेब केला: चेंबरमधली धरून नऊ, मग आठ, आठ, आठ. एकही नेम चुकला नाही तरी तीनदा मॅगझिन बदलायचं. दुहेरीवाल्यांच्या मोठ्या मॅगझिनमध्ये वीसच्या आसपास बसतात, त्यांचं एका बदलात भागतं.

मुलगा दोन्ही गटांत खेळून बघत होता. मित्राचं एकेरी १९११ घेतलं की त्याचे गुण कमी यायचे, पण मला तो त्या दिवशी जास्त चांगला नेमबाज वाटायचा. कुठे थांबायचं, कुठे बदलायचं हे आधी ठरवून यायचा आणि एक गोळी वाया घालवायचा नाही. दुहेरी हातात आलं की हात सैल. शिकायला एकेरी, जिंकायला दुहेरी, असं माझं मत झालं आणि मी ते त्याला सांगितलं. ते त्याला पटलं.

रोज बाळगायचं हे प्रकरण निराळं. तिथे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येतं. दुकानात त्याने मला तीन दाखवली. ग्लॉक ४३, एकेरी, सहा गोळ्या, जेमतेम इंचभर जाड. ग्लॉक १९, दुहेरी, पंधरा गोळ्या, चांगलंच जाडजूड. आणि २०१८ ला आलेलं सिग पी ३६५, ज्याने हा वादच अर्धा मिटवला म्हणतात. रांगा पूर्ण एकेरी नाहीत की पूर्ण दुहेरी नाहीत, इंचभर जाडीत दहा गोळ्या. मुलाचा कल ग्लॉक १९ कडे, कारण स्पर्धेत तशाच पिस्तुलाची सवय. त्यात तथ्य आहे, हाताला दोन निरनिराळे ट्रिगर नकोत. पण मला अनुभव होता की जाड पिस्तूल माणूस पंधरा दिवस बाळगतो आणि मग ते कपाटात जातं, गाडीच्या खणात जातं, उशीखाली जातं. आणि त्याच्या घरात सहा वर्षांची नात आहे.

त्या रात्री मी त्याला घंगाळाची गोष्ट सांगितली. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

१९८५ ची खंडेनवमी. आदल्या संध्याकाळी मी छोट्या लाईनच्या गाडीने भिंडहून घरी आलो होतो. कॅशच्या फेऱ्यांमुळे एक गोळी चेंबरमध्ये ठेवून मॅगझिन पुन्हा पूर्ण भरायची सवय लागली होती. म्हणजे आठ अधिक एक, नऊ. सकाळी पूजेसाठी पिस्तूल पुसायला काढलं. मॅगझिन बाहेर काढलं, गोळ्या पाटावर मांडल्या, मोजल्या. आठ. आठाचं मॅगझिन, आठ गोळ्या, टॅली! वॉल्थरला मागे घोड्याच्या वर एक बारीक पिन असते, चेंबरमध्ये गोळी असली की ती बाहेर डोकावते. ती मी पाहिली नाही. स्लाईड ओढून पाहिली नाही. रिकामं आहे हे बघायला म्हणून न्हाणीघराच्या भिंतीकडे रोखून ट्रिगर ओढला. त्याचा पहिला ट्रिगर जड असतो, चुकून ओढला जात नाही. मी तो चांगला जोर लावून ओढला.

न्हाणीघराच्या दारात तांब्याचं घंगाळ होतं. त्यात मुलाला बसवून ही आंघोळ घालत होती. मिनिटभर आधी त्याला उचलून टॉवेलात गुंडाळून ती अंगणात नेली होती. गोळी घंगाळाच्या काठाखाली चार बोटं आरपार गेली आणि भिंतीत रुतली. शेजारच्यांना वाटलं दसऱ्याचा फटाका. ही दारात येऊन उभी राहिली, मुलगा कडेवर. एक शब्द बोलली नाही. भोकातून पाणी कितीतरी वेळ वाहत होतं.

वडील तेव्हा हयात होते, देवघरात होते. त्यांना फटाकाच सांगितला. पुढच्या महिन्यात पिस्तूल डीलरकडे गेलं, लायसन सरेंडर. शाखेत विचारलं तर सांगितलं, वडिलांना आवडत नाही. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

मुलगा ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मॅगझिनमध्ये पंधरा असत्या तरी..." मी म्हटलं, "अरे, मॅगझिन तर पाटावर होतं. नववी कुठे होती ते विचार." आतून हिने एवढंच म्हटलं, "अहो, झोपा आता, पुरे झालं."

दुसऱ्या दिवशी तो पिस्तूल आणायला जाणार होता, गेला नाही. भिंतीत बसवायची लोखंडी पेटी मागवली, बोटाच्या ठशाने उघडणारी. आम्ही परतेपर्यंत ती बसली होती आणि रिकामी होती. परवा फोनवर सांगत होता, बहुतेक सिग घेईन, चेंबर रिकामं ठेवूनच बाळगेन, घरी आल्या आल्या पेटीत. चेंबर रिकामं ठेवणाऱ्याला तिकडे लोक हसतात म्हणे. हसू देत. बोलता बोलता मध्येच त्याने विचारलं, "बाबा, ते घंगाळ अजून आहे?"

आहे. गच्चीवर आहे, हिने त्यात ब्रह्मकमळ लावलंय. पाणी जास्त झालं की त्या भोकातून निघून जातं.