सोळा नंबरचा पेजा

२००५ च्या डिसेंबरात मामा कॅलिफोर्नियाहून जयसिंगपूरला आला. त्याच्या बॅगेतून बदाम निघाले, चॉकलेटं निघाली, आजीच्या गुडघ्यांसाठी मलम निघालं आणि सगळ्यात खाली, स्वेटरात गुंडाळलेली, एक काळी चकचकीत वस्तू निघाली. बारा वर्षांच्या भाच्याला वाटलं, मोबाइल असेल. मामा म्हणाला, "पीएसपी म्हणतात ह्याला. प्लेस्टेशनच, पण हातात मावणारं." सोबत एकच खेळ होता, बास्केटबॉलचा : 'एनबीए लाइव्ह ०६'. वेष्टनावर मायामीचा ड्वेन वेड.

तोवर त्याच्या घरात हातात धरून खेळायचे दोन गेम येऊन गेले होते. पहिला जत्रेतला, पाण्याचा. प्लॅस्टिकच्या छोट्या टाकीत पाणी भरायचं आणि खालचं बटण दाबलं की आतले इवलेसे चेंडू उसळून जाळीत पडायचे, किंवा पडायचे नाहीत. टोमी नावाच्या जपानी कंपनीनं १९७० च्या दशकात असे पाण्याचे खेळ काढले होते. जत्रेत मिळायची ती त्यांची नक्कल. वाडीहून, म्हणजे नृसिंहवाडीहून, आजीनं तो आणला होता आणि तिसऱ्या दिवशी तो गळायला लागला. दुसरा ब्रिक गेम. पेन्सिल सेलवर चालणारा, राखाडी पडद्याचा, वरून ठोकळे पडत राहणारा. तसं पाहिलं तर बास्केटबॉल त्याच्या हातात पहिल्यांदा आला तो पाण्यातूनच.

पीएसपी वेगळाच होता. ४.३ इंचांचा पडदा, आणि त्याला स्वतःचा उजेड! जपानात तो बाजारात आला १२ डिसेंबर २००४ ला. म्हणजे जयसिंगपूरला पोचला तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. खेळ असायचा सहा सेंटिमीटरच्या चकतीवर, प्लॅस्टिकच्या कवचात बंद. पाठीमागचं झाकण उघडून ती आत सरकवली की आधी गुर्र असा बारीक आवाज, मग टक्, आणि मग स्टेडियमचे दिवे. डाव्या अंगठ्याखाली सदऱ्याच्या गुंडीएवढी एक चपटी कळ होती. ती सरकवायची, की खेळाडू धावायचा. चार्जरची पिन अमेरिकेची, चपटी; आपल्या बोर्डात बसेना. मामानं गावात जाऊन कन्व्हर्टर आणला तेव्हा कुठं संध्याकाळी पहिला सामना झाला.

त्या उजेडाची किंमत कळायला ते दिवस आठवावे लागतात. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाणार आणि कधी येणार याचं वेळापत्रक घरात कॅलेंडरशेजारी चिकटवलेलं असे आणि स्वयंपाक, पिठाची गिरणी, पाण्याची मोटर, अभ्यास सगळं त्यावर बेतलेलं असे. टीव्हीला जोडायचे गेम शेजारच्या गल्लीत दोघांकडे होते, पण वीज गेली की तेही टीव्हीबरोबर गप्प. पीएसपी वीज असताना पोटभर चार्ज करून ठेवला की चार-पाच तास चालायचा. रात्री सगळी गल्ली अंधारात, ओट्यांवर माणसं वारा घेत बसलेली, आणि एका ओट्यावर पाच-सहा डोकी एका निळसर चौकोनावर वाकलेली. एकानं खेळायचं, बाकीच्यांनी ओरडायचं. हातातला गेम पोराला एकलकोंडा करतो असं पुष्कळजण सांगतात. त्या ओट्यावर जे होतं ते त्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्याला ते कधीच पटलेलं नाही.

संघ निवडायला तीस होते. त्यानं सॅक्रामेंटो किंग्ज निवडला, कारण मामा सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सममध्ये राहतो. एवढंच कारण. मग मामानं त्या संघाची गोष्ट सांगितली. सॅक्रामेंटो म्हणजे शेतीच्या मुलखातलं गाव. भात, टोमॅटो, बदाम. संघाचं आर्को अरिना हे मैदानही १९८८ मध्ये गावाबाहेर, शेतांच्या बाजूला बांधलेलं. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी एकदा या गावाला गाईगुरांचं गाव म्हणून हिणवलं. गावानं काय करावं? पुढच्या सामन्यांना माणसं गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आली आणि लेकर्सच्या बाकामागं उभं राहून त्यांनी त्या वाजवून वाजवून कान किटवले. मामा म्हणाला, "लेका, आपल्या शिरोळ तालुक्यात असल्यासारखं वाटतं बघ तिथं."

हंगाम उसाचा होता. मध्यरात्रीनंतर शिरोळच्या दत्त कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग लागायची. घुंगरमाळांचा आवाज लांबून यायचा, जवळ यायचा, घराच्या मागून जायचा. पांघरुणात तोंड घालून तो शेवटच्या दोन मिनिटांचा खेळ खेळत असायचा, आवाज अगदी बारीक केलेला, आणि मामानं सांगितलेल्या घंटा त्याला रस्त्यावरून ऐकू यायच्या.

किंग्जमध्ये सोळा नंबरचा पेजा स्टोयाकोविच होता. युगोस्लाव्हियातल्या युद्धात घर सोडून बेलग्रेडला आलेल्या कुटुंबातला मुलगा; पुढं ग्रीसमध्ये खेळला, मग अमेरिकेत. तीन गुणांच्या फेकीची एनबीएची स्पर्धा त्यानं २००२ आणि २००३, अशी लागोपाठ दोनदा जिंकलेली. खेळात पेजाकडे चेंडू दिला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं अंगठ्याचं. बटण दाबून धरायचं, पेजा उडी मारतो, वर जातो, आणि जिथं तो वर जायचा थांबतो पण खाली यायला लागलेला नसतो, तिथं सोडायचं. थोडं आधी सुटलं तर चेंडू कडेवर आपटतो, थोडं उशिरा सुटलं तरीही. रिंगचा व्यास अठरा इंच, चेंडूचा साडेनऊ. जागा तशी ऐसपैस आहे. चुकतो तो वेळ. हे त्याला सांगून कुणी शिकवलं नाही. शेकडो चेंडू वाया गेल्यावर एका रात्री ते अंगठ्यात आलं आणि पुन्हा गेलं नाही.

शाळेच्या मैदानावर एक खरी रिंग होती. जाळी नसलेली, जरा पुढं वाकलेली. नियमाप्रमाणे ती जमिनीपासून दहा फुटांवर असते. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत जेम्स नायस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही उंची तीच. बारा वर्षांच्या पोराला दहा फूट फार उंच असतात. अंगठ्याला जे येत होतं ते मनगटाला येईना. तरी तो रोज मधल्या सुट्टीत फेकायचा, आणि चेंडू रिंगला न शिवता आत गेला की आजूबाजूला बघायचा, कुणी पाहिलं का म्हणून.

जानेवारीच्या शेवटी मामाचा फोन आला. "तुझा पेजा गेला रे इंडियानाला." सॅक्रामेंटोनं पेजाला इंडियाना पेसर्सला देऊन बदल्यात रॉन आर्टेस्टला घेतलं होतं. पोरानं फोन ठेवला, पीएसपी लावला. पेजा होता तिथंच होता. सोळा नंबर, किंग्जचा सदरा. मामानं आणलेल्या चकतीवर ऑक्टोबर २००५ नंतर काही घडणार नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी मामाचा फोन आला की दोन किंग्जची चौकशी होऊ लागली. मामा आपल्या किंग्जचं सांगे, मग विचारी, "आणि तुझ्या किंग्जचं काय?" भाच्याचे किंग्ज जिंकत होते. मामाचे हरायला लागले. २००६ च्या वसंतात ते बाद फेरीत खेळले आणि त्यानंतर १६ हंगाम तिथं पोचलेच नाहीत. एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्या संघानं तोवर पाहिला नव्हता. पेजानं २०११ मध्ये डॅलसकडून अजिंक्यपद मिळवलं आणि तो निवृत्त झाला. २०१४ मध्ये सॅक्रामेंटोनं सोळा नंबर त्याच्या नावानं कायमचा राखून ठेवला. यातलं काहीही जयसिंगपूरच्या ओट्यावर घडलं नाही.

मग दहावी, बारावी, कॉलेज. पीएसपी कपाटात गेला.

तो बाहेर निघाला २०१९ च्या ऑगस्टात. कृष्णा आणि पंचगंगा एकत्र फुगल्या, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली आणि माणसं जयसिंगपूरला आली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडील जयसिंगराव यांच्या नावानं वसवलेलं, पट्टीनं आखल्यासारख्या सरळ गल्ल्यांचं हे गाव त्या आठवड्यात ओळखू येईना; इतकी माणसं, इतकी जनावरं, इतकी ताडपत्री. कुरुंदवाडची ताई दोन पिशव्या आणि नऊ वर्षांचा मुलगा घेऊन आली. मुलगा बोलत नव्हता. खिडकीशी बसून पाऊस बघायचा. तिसऱ्या दिवशी ताईच्या भावानं कपाट उघडलं.

बॅटरी फुगून तिचं झाकण उचललं गेलं होतं. ती काढून टाकून, चार्जर थेट भिंतीत लावून त्यानं पीएसपी सुरू केला. डावी कळ ढिली झालेली, पडद्यावर एक ओरखडा. गुर्र, टक्, दिवे. भाचा जवळ सरकला. "मामा, ह्यो कोण?"

"पेजा."

"लई भारी टाकतोय." तीन दिवसांतलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

दोन महिन्यांनी, ४ आणि ५ ऑक्टोबरला, एनबीएचे संघ पहिल्यांदा भारतात खेळले. मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. आलेले दोन संघ होते सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. तिसांतले नेमके हेच दोन. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. २०१३ मध्ये त्यांनी संघ घेतला, आणि आपल्या जन्मगावी तो खेळवायची त्यांची हौस होती. पेजा तोवर किंग्जच्या व्यवस्थापनात परतला होता, संघाचा सहायक महाव्यवस्थापक म्हणून. पहिला सामना शाळकरी मुलांनी भरलेल्या प्रेक्षागृहात झाला. जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो १३२-१३१ असा जिंकला. दुसरा १३०-१०६. मामानं रविवारी फोनवर स्कोअर सांगितला नाही. "तुझ्या गावाजवळ येऊन हरले बघ," एवढंच म्हणाला.

आर्को अरिनातून किंग्ज २०१६ मध्ये हलले, शहराच्या मध्यावरच्या नव्या इमारतीत गेले. २०२२ मध्ये जुनं मैदान पाडलं. मामानं मोकळ्या जागेचा फोटो पाठवला : कुंपण, माती, मागं आभाळ. उसाच्या बैलगाड्याही आता कमी दिसतात. ट्रॅक्टर येतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून.

२०२३ च्या एप्रिलात किंग्ज अखेर बाद फेरीत पोचले आणि गोल्डन स्टेटशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजून हरले. मामाचा आवाज फोनवर बसलेला होता, ओरडून ओरडून. मे महिन्यात कुरुंदवाडहून भाचा सुट्टीला आला. आता तो तेरा वर्षांचा. उंच, ओठावर लव फुटलेला, हातात स्वतःचा मोबाइल. चप्पल काढता काढताच त्यानं विचारलं, "मामा, पेजा हाय का अजून?"

त्यानं कपाटातून चार्जर काढला, कन्व्हर्टर शोधला, चकती सदऱ्याला पुसून आत सरकवली. गुर्र आवाज जरा जास्तच वेळ चालला. मग टक् झालं.

"हाय की."