डब्याच्या दुधाचा हिशेब

नातवाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून सांगते.

सून बाळंत झाली आणि दुखण्याने आडवी पडली. औषधे कडक, म्हणून डॉक्टरांनीच अंगावरचे दूध बंद करून डब्याची पावडर सांगितली. बाळ पाच किलोचे झाले असेल, तेव्हा माझा भाचा आला. तो अन्नतंत्र शिकतो. डबा पाहून म्हणाला, "मावशी, यातल्या तेलात कारखान्यातच वाईट पदार्थ तयार होतात." एवढे बोलून तो गेला, पण माझ्या जिवाला घोर लागला. चार चमच्यांच्या जागी मी तीनच टाकू लागले. म्हटले, तेवढेच विष कमी जाईल!

पंधरा दिवसांनी अंगणवाडीच्या काट्यावर पाहिले, तर वजन जागचे हलले नव्हते. ताई म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाळाला पाणी पाजताय, अन्न नव्हे." मी खाली मान घातली.

मग भाच्याला बोलावून सगळे नीट समजून घेतले. तेलाचा वास घालवण्यासाठी कारखान्यात ते २०० अंशांच्या वर तापवतात. त्या आचेत ग्लिसिडिल एस्टर नावाचे पदार्थ तयार होतात, पाम तेलात सर्वांत जास्त. पोटात गेल्यावर त्यांतून ग्लिसिडॉल सुटते. जनावरांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झालेला आहे. दुधात स्निग्धपणा यावा म्हणून पावडरीत अशी तेले घालतात.

आता हिशेब बघा. बैलाचे औषध आपण वासराला तेवढेच पाजतो का? नाही, अंग बघून पाजतो. पाच किलोचे बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध पिते. त्या मानाने साठ किलोच्या माणसाला नऊ लिटर प्यावे लागेल! शिवाय आपण भाकरी, भाजी, वरण खातो. बाळाचे सारे पोट एकाच डब्यावर. म्हणून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली सांगितले, की निव्वळ डब्याच्या दुधावरच्या बाळांच्या पोटात ग्लिसिडॉल फारशी काळजी नसलेल्या पातळीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते.

त्यावर तिथे कायदा झाला. २०१९ च्या मध्यापासून एक किलो पावडरीत ५० मायक्रोग्रामची मर्यादा आली. मायक्रोग्राम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बाळाला दिवसाला शंभर ग्रॅम पावडर लागली, तर पोटात जास्तीत जास्त ५ मायक्रोग्राम, म्हणजे किलोमागे एक.

हे मोजणे आणि कमी करणे कारखान्याचे आणि सरकारचे काम आहे; चमचा चोरून ते होत नाही. त्या पदार्थाचा धोका वर्षानुवर्षांचा, माझ्या पातळ दुधाचा परिणाम मात्र पंधरा दिवसांत काट्यावर दिसला.

म्हणून सांगते, पहिले सहा महिने आईचे दूधच द्या. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, ती उगाच नाही. पण डॉक्टरांनी डबा सांगितलाच, तर पाणी उकळून घ्या, चमचे डब्यावर लिहिलेत तेवढेच आणि सपाट भरून टाका. मनाने कमी करू नका, की भिऊन गाई-म्हशीच्या दुधावर नेऊ नका. शंका आली तर आधी विचारा.

मी विचारले नाही. चार चमचे पुन्हा सुरू केले आणि पुढच्या महिन्यात काटा हलला, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.