रिकामा पट

मोटारीशी माझा संबंध एस. टी. च्या तिकिटापुरता. वाशीमच्या बसस्थानकावर मंगरूळपीरची गाडी कोठे लागते एवढेच काय ते या विषयातले माझे ज्ञान, आणि तेही पुष्कळदा चुकते. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने मोटारींच्या शर्यतींवर लेखणी उचलावी हा अव्यापारेषु व्यापारच म्हणायचा. पण ज्या गोष्टीपायी आपले पन्नास हजार रुपये अडकतात, तिच्याविषयी माणूस आपोआप विद्वान होतो!

हे पन्नास हजार मी माझ्या भाच्याला दिले होते. माझी थोरली बहीण मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यात असते. तिचा हा धाकटा. लहानपणापासून त्याला यंत्राचे वेड. शाळेतून आला की दप्तर एकीकडे आणि सायकलची साखळी दुसरीकडे. पुढे त्याने यंत्रविद्येची पदविका घेतली. २०२३ च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशातल्या ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मोटारसायकलींची जागतिक शर्यत, मोटोजीपी, भारतात प्रथमच झाली. चिरंजीव तीन दिवस ती पाहून आले, ते कानात तो आवाज घेऊनच. "मामा, पुढल्या वर्षी पुन्हा शर्यत आहे. तिथे जवळच एक गाळा मिळतोय. शर्यतींच्या नादाची मुले गाड्या घेऊन येतात. मी दुरुस्ती करीन." वडिलांकडे मागायची सोय नव्हती, म्हणून माझ्याकडे आला. वरच्या खोलीच्या गिलाव्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम मी त्याला दिली. सौभाग्यवतीला सांगितले नाही. योग्य वेळी सांगू, असे ठरवले. संसारात योग्य वेळ कधी येत नसते, हे मला तोवर कळायला हवे होते.

२०२४ ची शर्यत झाली नाही. गाळ्याचे भाडे मात्र दर महिन्याला होतच राहिले.

२०२५ च्या फेब्रुवारीत ग्रंथमेळ्याच्या निमित्ताने मी दिल्लीला गेलो आणि एक दिवस काढून भाच्याला भेटलो. त्याने मला मोटारसायकलवर मागे बसवले आणि यमुना द्रुतगती मार्गाने ते मैदान दाखवायला नेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडले नाही. दुरून प्रेक्षकांचा प्रचंड सज्जा दिसत होता. लाखभर माणसे बसतील एवढी जागा, आणि त्या दुपारी ती पाहणारे आम्ही दोघे! जत्रा उठल्यावर देवळाच्या पटांगणात जसे वाटते, तसे मला वाटले.

भाचा बोलू लागला. ५.१२५ किलोमीटरची वाट, १६ वळणे. आखणी हर्मान टिल्के या जर्मन स्थापत्यविशारदाची, बांधकाम जेपी समूहाचे. ३० ऑक्टोबर २०११ रोजी येथे फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. ती सेबास्टियन फेटेलने जिंकली, आणि पुढची दोन वर्षेही त्यानेच. २०१३ साली जगज्जेतेपद निश्चित होताच त्याने प्रेक्षकांसमोर गाडी गरगर फिरवली, खाली उतरला आणि गुडघे टेकून गाडीला नमस्कार केला. नियमभंग झाला म्हणून त्याच्या संघाला २५ हजार युरो दंडही झाला. "मामा, पोळ्याला बाबा बैलांपुढे वाकतात ना, अगदी तसा!" हे सांगताना भाच्याचा आवाज जरा कापरा झाला.

त्यानंतर फॉर्म्युला वन या मैदानावर आलीच नाही. राज्य सरकारने या शर्यतीला करमणूक मानून कर लावला. आयकराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि हे मैदान म्हणजे परदेशी आयोजकांचे भारतातले कायम ठाणे आहे, म्हणून त्यांच्या उत्पन्नावर येथे कर लागेल, असा निकाल २०१७ च्या एप्रिलात लागला. मालक समूह कर्जात रुतत गेला. जमिनीचे पैसे थकले म्हणून यमुना द्रुतगती विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये जमिनीचे वाटपच रद्द केले. आम्ही फाटकाशी उभे होतो, त्याच्या पुढच्याच महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

मला वाटत होते, ही आपल्याकडचीच गत. तशी ती नाही. इंग्लंडातले सिल्व्हरस्टोन घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाचे हे मैदान. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १९५० साली येथेच झाली. तेथे लाखो प्रेक्षक तिकिटे काढून येतात. तरी २०१५ साली त्यांना २८ लाख पौंड आणि २०१६ साली ४८ लाख पौंड तोटा झाला. कारण शर्यत भरवण्यासाठी आयोजकांना द्यायचे शुल्क करारानुसार दर वर्षी ५ टक्क्यांनी चढत होते. २०१० साली १ कोटी १५ लाख पौंड होते, ते २०१७ साली १ कोटी ६२ लाखांवर गेले. शेवटी मालकांनीच करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली, आणि २०१९ साली नवा करार झाला तेव्हा कोठे निभावले. जर्मनीतले नुर्बुर्गरिंग १९२७ पासूनचे. तेथे शर्यतीच्या जोडीला करमणुकीचे नगर उभारण्याचा घाट घातला गेला, आणि २०१२ साली दिवाळे निघाले.

म्हणजे शर्यत दिसते गाड्यांची, पण खरी धावते ती चक्रवाढ. ती कोठल्याही वळणावर वेग कमी करीत नाही.

"आता परत चल," मी भाच्याला म्हणालो. तो काही बोलला नाही. पण मार्चअखेरीस गाळा सोडून, दोन पेट्या हत्यारे घेऊन तो घरी आला.

आता माझ्या भाऊजींविषयी सांगितले पाहिजे. आमच्या वऱ्हाडात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. भाऊजी पटाचे जुने शौकीन. हलका छकडा, वाऱ्यासारखी जोडी, धुरकऱ्याची आरोळी, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे संपते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि पट थांबले. बैलांचे हाल होतात, हे न्यायालयाचे म्हणणे काही खोटे नव्हते. पुष्कळांनी जोड्या विकल्या. भाऊजींनी विकली नाही. जोडी म्हातारी झाली, तर त्यांनी नवे गोऱ्हे आणले! ढेप, सरकी, कुटार यांचा खर्च चालूच. नापिकीच्या वर्षी माझ्या बहिणीने एकदा कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा भाऊजी शांतपणे म्हणाले, "आज पट नाही, तं उद्या भरन. बैल इकले अन् पट भरला, तं मंग कोठून आणू?" १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती कायम केली. भाऊजींनी त्या दिवशी आळीत पेढे वाटले.

हेच भाऊजी मुलगा परत आल्यावर त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. "बंद मैदानाच्या भरवशावर दुकान कोणी मांडते काय?" एवढेच आल्यागेल्याला ऐकवीत.

मे महिन्यात मी तिकडे गेलो. जेवताना तेच वाक्य पुन्हा निघाले. भाच्याने मान वर केली नाही. घास मोडता मोडता हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही सात वर्षं बैल पोसले. मी दीड वर्ष भाडं भरलं."

ताटावर सगळे स्तब्ध झाले. बहिणीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते मला अजून कळलेले नाही. भाऊजी हात धुऊन उठले आणि गोठ्याकडे गेले.

त्या रात्री खाटेवर पडल्यापडल्या मी विचार करीत होतो. बापाचा आणि लेकाचा वेडेपणा एकाच जातीचा. मग एकाचा निभावला आणि दुसऱ्याचा का नाही? आमचा पट भरतो तो वर्गणीवर. नाही भरला, तर त्याच वावरात हरभरा पेरता येतो. डांबराच्या वाटेवर काही पेरता येत नाही. ती रिकामी असली तरी व्याज खातच असते. छंद माणसाला बुडवीत नाही. उसन्या पैशावर उभारलेला छंद बुडवतो. हा सिद्धान्त मला इतका आवडला, की गिलाव्याचे पैसेही उसनेच होते, हे आठवायला जरा वेळ लागला.

सकाळी उठून पाहतो तो अंगणात छकडा उलटा पडलेला. भाचा चाकाशी बसून आसाला वंगण देत होता, आणि भाऊजी शेजारी उकिडवे बसून त्याला पाना देत होते. बोलत मात्र कोणीच नव्हते.

भाच्याने आता मंगरूळपीरला ट्रॅक्टर आणि मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान टाकले आहे. दुकानाच्या भिंतीवर त्या रिकाम्या मैदानाचे चित्र आहे. मध्यंतरी त्याने पाच हजारांचा पहिला हप्ता परत केला. मात्र माझ्या हाती नव्हे, थेट मामीच्या! "मामी, मामांनी दिलेल्यातले हे," असे म्हणून त्याने नोटा पुढे केल्या. योग्य वेळ आली ती अशी.

सौभाग्यवतीने नोटा मोजल्या, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि त्यातली पाचशेची एक नोट त्याच्या खिशात परत कोंबली. म्हणाली, "पुन्हा कधी शर्यत झालीच, तर तिकिटाला असू दे."

वरच्या खोलीचा गिलावा अजून व्हायचाच आहे.