बालगंधर्वांचं पुणं

पुण्याला पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचं याची आपली एक ठरलेली यादी असते. शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, मग तुळशीबागेत दोन तास आणि परतताना बाकरवडी. जंगली महाराज रस्त्यावरून रिक्षा जाते तेव्हा आपण नुसतं बोट दाखवतो, "हे बालगंधर्व." जसं काही ते इमारतीचंच नाव! बरोबरच्या मुलांना तर तसंच वाटतं. नाटकाचं तिकीट काढलेलं नसलं तरी एकदा तिथे थांबावं आणि रंगमंदिरातली गोपाळ देऊसकरांची दोन तैलचित्रं बघावीत. एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. दोन्ही एकाच माणसाची आहेत हे सांगितल्याशिवाय पटायचं नाही.

हा माणूस म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. जन्म पुण्यातलाच, 26 जून 1888चा. लहानपणी त्याचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं आणि तेच नाव जन्मभर चिकटलं, असं सांगतात. पुण्याला तेव्हा संगीत नाटकाचं वेड नवीन नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 रोजी इथेच, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाटकगृहात रंगभूमीवर आलं होतं. त्याच किर्लोस्कर मंडळीत 1905 साली नारायणराव शिरले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. त्यांच्याआधी भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या. ते 1901 साली गेले. त्यांची जागा कोण घेणार, ही काळजी एकदाची मिटली.

भल्या घरच्या बाईनं नाटकात काम करायचं नाही, हा तेव्हाचा दंडक. म्हणून बाईचं काम पुरुषानं करायचं. आणि गंमत पाहा, त्या पुरुषाकडे बघून बायका नटायला शिकल्या! लुगड्याच्या निऱ्या कशा पडाव्यात, शेला खांद्यावर कसा राहावा, अंबाड्यावर गजरा कुठे माळावा, हे प्रेक्षागृहातल्या बायका डोळ्यांत तेल घालून बघत आणि घरी येऊन तसंच करून पाहत. त्यांचे फोटो घरोघरी लागले. आपल्या आज्यांनी पदर घेण्याची जी ऐट दाखवली, तिच्यात थोडासा वाटा या राजहंसांचाही असणार.

5 जुलै 1913 रोजी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी 1916 सालची. तिची गाणी भास्करबुवा बखल्यांनी बसवली. पुण्यातला भारत गायन समाज काढला तेच हे बुवा. 1919 साली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधली सिंधू आली. रुक्मिणीचे दागदागिने पाहून हरखलेल्या बायका दारुड्याच्या संसारात होरपळणाऱ्या सिंधूसाठी रडल्या. नटण्यापलीकडचंही काही या माणसाला कळत होतं, नाहीतर इतक्या जणींच्या डोळ्यांना पदर लागला नसता.

खर्चाच्या बाबतीत मात्र हात सढळ म्हणावा की सुटलेला, हे ज्याचं त्यानं ठरवावं. उंची शालू, भारी गालिचे, अत्तरांचा घमघमाट. रंगभूमीवर खोटं काही नको हा हट्ट. बोडस आणि टेंबे बाहेर पडले, कर्जाचा डोंगर एकट्याच्या डोक्यावर आला. तो उपसायला पुढची कित्येक वर्षं गेली. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर मांडणाऱ्या आपल्यासारखीला हे वाचून धस्स होतं. पण त्याच गालिच्यांची वर्णनं आपण मिटक्या मारत ऐकतो, हेही खरं.

त्यांची एक गोष्ट प्रत्येक जण सांगतो. 12 मार्च 1911, मुंबईला 'मानापमान'चा पहिला प्रयोग आणि त्याच दिवशी त्यांचं पहिलं मूल गेलं. प्रयोग थांबला नाही. नारायणराव भामिनी होऊन उभे राहिले आणि गायले. ऐकणारे कलेवरच्या निष्ठेला हात जोडतात. मला दरवेळी लक्ष्मीबाई आठवतात, त्यांची बायको. लेकरू दोघांचं गेलं होतं. त्या दिवशी तिचं काय झालं असेल, हे विचारणारं मला तरी फारसं कुणी भेटलेलं नाही. पुढे मंडळीत गोहरबाई आल्या, विजापूरकडच्या, गळ्यानं गोड. नारायणरावांचं उरलेलं आयुष्य त्यांच्याबरोबर गेलं. लोकांनी गोहरबाईंना बोल लावले, नारायणरावांना कमी. लक्ष्मीबाई 1940 साली गेल्या.

बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. 1935 साली नारायणराव पुण्यात प्रभात कंपनीत शांतारामबापूंच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या आवारात आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पण दाढीमिशीतले गंधर्व लोकांना रुचले नाहीत. त्याआधीच, 1 जुलै 1933 रोजी, 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावतीबाई वर्तक यांनी बायकांची कामं केली होती. इकडे हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भावंडांनीही नाटक कंपनी काढली होती. बाईचं काम बाईनं करायचे दिवस आले. नारायणराव मात्र साठी उलटल्यावरही लुगडं नेसून उभे राहत होते. पुढे पाय गेले, तेव्हा बसून भजनं म्हणत.

रंगमंदिराची कोनशिला 8 ऑक्टोबर 1962 रोजी त्यांच्याच हातून बसली. 1964 साली पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. 15 जुलै 1967 रोजी पुण्यातच नारायणराव गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या वाढदिवशी, 26 जूनला, रंगमंदिर उघडलं. त्याच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी जातीनं लक्ष घातलं होतं.

त्यांची गाणी पुण्यात टिकली ती बरीचशी शिलेदारांच्या घरात. जयराम शिलेदार गंधर्वांबरोबर काम केलेले. त्यांनी आणि जयमालाबाईंनी 1949 साली 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली, आणि मुलगी कीर्ती लहानपणापासून त्यातच वाढली. जयमालाबाई 2013 साली गेल्या, कीर्तीताई 22 जानेवारी 2022 रोजी. कीर्तीताईंची रुक्मिणी पाहिलेल्या बायका अजून पुण्यात भेटतात. कुणाची आठवण गाण्याची, कुणाची शालूची. एकीला तर शालूच्या काठाचा रंगसुद्धा पाठ होता.