घडणावळ कोण मोजतो?

सोनाराने बिलात घडणावळ लावली की आपण एक अक्षर बोलत नाही. तांबटाने लावली तर मात्र "किलोला काय भाव ते सांगा" हा प्रश्न ठरलेला. धातूच्या घरगुती वस्तूंची आखणी करणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे बाजाराच्या दोन्ही बाजूंना माझी ऊठबस आहे. कारागिराच्या वस्तूचा न्याय-अन्याय माझ्या मते या एका प्रश्नापाशीच ठरतो. तागाची दोरी बांधलेल्या, 'हस्तनिर्मित, नैतिक' असं छापलेल्या त्या तपकिरी चिठ्ठीपाशी नव्हे.

पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी धनत्रयोदशीच्या तोंडावर बघण्यासारखी असते. पेशवाईत ही मंडळी कोकणातून इथे आली, असं सांगितलं जातं. घंगाळ, हंडे, बंब, पराती ही त्यांची जुनी कामं. स्टेनलेस स्टील आलं, मागून गिझर आला आणि बंब माळ्यावर गेला. आता पुन्हा मागणी आहे ती पाण्याच्या बाटल्यांना, दिव्यांच्या शेड्सना आणि फुलदाण्यांना.

भांडं घडतं कसं, हे एकदा बघितलं की किलोचा भाव विचारताना जीभ अडखळते. पत्र्याची गोल चकती कापून ती लोखंडी आधारावर ठोकत ठोकत खोलगट करायची. ठोकताना तांबं कडक होत जातं. तसंच ठोकत राहिलात तर ते तडकतं. म्हणून लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायला घ्यायचं. खोल भांड्याला हा फेरा कितीदा तरी करावा लागतो. शेवटी येतं मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे चकचकीत ठोके द्यायचे. लोकांना ती नक्षी वाटते. खरं तर त्या ठोक्यांनी पत्रा पुन्हा कडक होतो आणि भांडं सहजासहजी पोचत नाही.

आजकाल साच्यात दाबूनही तसेच खळगे उठवतात. ओळखायचं कसं, हे मला नेहमी विचारलं जातं. भांडं उजेडात हळूहळू फिरवा. हाताच्या ठोक्यांची रांग जिथे संपून नवी सुरू होते, तिथे थोडी ओढाताण दिसते, एखादा ठोका शेजाऱ्यावर चढलेला असतो. साच्याची नक्षी तंतोतंत तीच तीच येत राहते. मात्र आकार यंत्रावर काढून मठार हाताने केलेलं भांडं मला अजिबात कमअस्सल वाटत नाही. त्याने कारागिराचा खांदा वाचतो. दुकानदाराने ते तसं सांगून विकावं, एवढंच. (ते सांगत नाहीत, ही निराळी गोष्ट.)

खांद्याआधी कान जातात. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच व्हेनिसच्या तांबटांच्या बहिरेपणाबद्दल लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे कारखान्यांसाठी 8 तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा ठरली, पण असे कायदे लागू होतात ठरावीक संख्येच्या वर कामगार असतील तिथे. घराच्या ओट्यावर बसलेले बाप-लेक त्यात कुठे बसणार? ज्या दुकानाला 'नैतिक' म्हणवून घ्यायचं आहे, त्याने आधी आपल्या कारागिरांना कानाला लावायची चांगली साधनं पुरवावीत. चिठ्ठी त्यानंतर छापावी.

आता पुन्हा वजनाकडे. किलोच्या हिशेबात एक मोठी गफलत आहे. जाड पत्र्याच्या मोठ्या हंड्याला वजन जास्त, पण किलोमागे मेहनत कमी. लहानशा पंचपात्राला वजन जेमतेम, पण त्यातलं किलोमागचं काम कितीतरी पट. वजनावर विकायचं म्हटलं की बारीक, कसबी काम करणाऱ्याचंच नुकसान होतं. म्हणून बिलात तांब्याची किंमत वेगळी आणि घडणावळ वेगळी दाखवा, असा आग्रह धरा. आकडा डोळ्यांसमोर आला की घासाघीस करायला आपली आपल्यालाच लाज वाटते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न पैसे कधी मिळतात हा. तांब्याचा भाव लंडनच्या आणि मुंबईच्या वायदेबाजारात रोज हलतो. कारागिराने आज रोख पैसे मोजून पत्रा आणला आणि दुकानाने बिल चुकवायला तीन महिने लावले, तर तेवढ्यात वर गेलेल्या भावाने त्याला पुढचा पत्रा तेवढ्याच पैशांत मिळत नाही. घडणावळ असते ती तिथेच खर्ची पडते. 2006 च्या लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या अशा उत्पादकाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. 1 एप्रिल 2024 पासून तर मुदत उलटल्यावर थकलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. पण नोंदणीच नसेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य.

पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेरांच्या भांडी घडवण्याच्या कलेला 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. त्याचा आनंद आहेच. पण यादीत नाव आल्याने घडणावळ वाढत नाही, ती गिऱ्हाईक वाढवतं.

घेतलेलं भांडं नीट वापरा, हेही सांगायला हवं. दही, चिंच, लिंबू उघड्या तांब्यात ठेवू नये, आंबटात तांबं उतरतं. त्यात स्वयंपाक करायचा तर आतून कल्हई हवीच, आणि ती झिजली की पुन्हा करून घ्यायची. त्या निमित्ताने कल्हईवाल्यालाही काम मिळतं.

कचेरीतल्या दिवाळी भेटींची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांना एक विनंती. पन्नास तांब्यांची मागणी धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी नोंदवाल, तर तुम्हाला साच्यातलेच तांबे मिळतील, कारण तेवढ्या वेळात हाताने होतच नाहीत. पुढच्या वर्षी श्रावणातच सांगा, पत्र्याचे पैसे आगाऊ द्या आणि उरलेले माल हातात येईल त्याच दिवशी चुकते करा.