डबीच्या शोधात केपटाऊन

रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांत केपटाऊन हे नाव कुणाला परके वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या कोकणी मुस्लिम गावांतले पुरुष बोटीने तिकडे गेले, छोटी दुकाने टाकली आणि गावी पैसे पाठवत राहिले. १९१३च्या कायद्यानंतर नव्या हिंदी माणसाला तिथे शिरणे फार कठीण झाले. आधी गेलेले लोक परवाने जपत ये-जा करीत राहिले. बायका बहुतेक गावातच. माझ्या पतीचे दादा असेच दोन-तीन वर्षांनी यायचे, काही महिने राहायचे आणि पुन्हा बोट धरायचे. दादींच्या तोंडी केपटाऊनचे नाव जन्मभर होते, पण त्यांनी ते शहर कधी पाहिले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या नात्यातल्या एका निकाहासाठी आम्ही दोघे गेलो. मुले मोठी झाली आहेत, ती नणंदेकडे राहिली. लग्नाला बावीस वर्षे झाली, पण मुलांना न घेता दोघांनीच कुठे लांब जाण्याची ही पहिली वेळ. निकाह पार पडला आणि हाती सहा दिवस उरले. घरातली माणसे आपापल्या कामाला लागली. तेव्हा भाच्याने माझ्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिले आणि म्हणाला, "मामी, तुम्ही आणि मामू घरात बसून काय करणार? डब्या शोधा."

ह्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. त्याचा जन्म मोठा मजेदार आहे. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात ते मुद्दाम गडबड ठेवत, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. २ मे २००० रोजी ही गडबड काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३ मे रोजी, ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने जंगलात एक काळी बादली ठेवली. आत वही, पेन्सिल, काही पुस्तके, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबा. मग त्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत. काही बोटाच्या पेराएवढ्या, काही जेवणाच्या डब्याएवढ्या.

नियम साधे आहेत. अ‍ॅपवरचा बाण पाहत जायचे, डबी शोधायची, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशीच, होती तिथेच ठेवायची. आतली एखादी छोटी वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. प्रत्येक डबीला दोन अंक असतात: शोधायला किती कठीण आणि पोहोचायला किती कठीण. दोन्ही एकपासून पाचपर्यंत. मला हे आवडले. आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिकेतही सोपे प्रश्न आधी असतात.

पहिल्या दिवशी बाण सिग्नल हिलकडे वळला. साधारण साडेतीनशे मीटर उंचीची ही टेकडी शहराला लागूनच आहे आणि तिच्या उतारावर बो-काप ही मुस्लिम वस्ती. निळी, गुलाबी, पिवळी घरे आणि चढावर चढत जाणारे दगडी रस्ते. बाण सरळ रेषेत दाखवतो. त्याच्या मते आम्ही लोकांच्या भिंतींतून आरपार जायला हवे होते. माझे पती बाणाचे भक्त. दर वळणावर म्हणायचे, "अगं, आपण लांब चाललोय." मी गल्ल्या वाचत होते. म्हणून ठरले, बाण ह्यांनी पाहायचा, रस्ता मी ठरवायचा.

रस्ता मी ठरवल्यामुळे आम्ही डॉर्प स्ट्रीटवरच्या अव्वल मशिदीपाशी थांबलो. ही दक्षिण आफ्रिकेतली पहिली मशीद, १७९४ सालची. तिची जागा सार्टजी व्हॅन डी काप ह्या स्त्रीकडून आली. पहिले इमाम तुआन गुरू. ते आजच्या इंडोनेशियातल्या तिदोर बेटाचे. डचांनी त्यांना राजकीय कैदी म्हणून १७८० साली इथे आणले आणि रॉबेन बेटावर ठेवले. कैदेत त्यांनी संपूर्ण कुरआन आठवणीतून लिहून काढले. पुढे त्यांच्या परंपरेतल्या मदरशांत मुले आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहू लागली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एकाच मुलाच्या दप्तरात उजवीकडून लिहायची वही आणि डावीकडून लिहायची वही शेजारी-शेजारी असतात. त्यामुळे परक्या मुलुखात आपली भाषा दुसऱ्या लिपीत जपणाऱ्या त्या मुलांविषयी मला लगेच जवळीक वाटली.

मशिदीत किब्ला पाहून हे चमकले. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करायची सवय, इथे किब्ला उत्तरेला, थोडा पूर्वेकडे कललेला. "दादा इथे चाळीस वर्षं उत्तरेला तोंड करून उभे राहिले आणि गावी आल्यावर पश्चिमेला," हे म्हणाले. दादांविषयी ते इतके क्वचित बोलतात की मी काही न विचारता ऐकत राहिले.

वर ताना बारू कब्रस्तान आहे. नावाचा अर्थ 'नवी जमीन'. तुआन गुरूंची कबर इथेच. १८८६ साली सरकारने हे कब्रस्तान बंद केले, तेव्हा इथल्या मुसलमानांनी मोठा विरोध केला होता. ह्या शहराभोवती अशा बुजुर्गांच्या कबरी अनेक आहेत, त्यांना 'क्रामत' म्हणतात. आम्ही फोन बंद करून पर्समध्ये ठेवला, फातिहा पढली आणि मगच बाहेर पडलो. हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाने एवढी मर्यादा स्वतःच घालून घ्यावी. कबरीभोवती दगड उचलून पाहणे कुणालाच शोभत नाही.

चढताना तोफ धडाडली आणि मी ह्यांचा हात घट्ट धरला. रविवार सोडून रोज दुपारी बाराला सिग्नल हिलवरून तोफ सुटते. पूर्वी बंदरातली जहाजे तिच्यावर आपली घड्याळे लावत. हे हसले, पण हात सोडला नाही. पुढचा चढ तसाच चढलो.

बाण शून्याजवळ आला की खरा खेळ सुरू होतो. जीपीएस पाच-दहा मीटर चुकू शकतो, त्यामुळे शेवटी डोळेच कामाला येतात. वारा भयंकर होता. ह्या दिवसांत इथे आग्नेयेकडून जोराचे वारे सुटतात. हवा स्वच्छ करतात म्हणून लोक त्यांना 'केप डॉक्टर' म्हणतात. समोर टेबल माउंटनवर ढगाचा पांढरा दस्तरखान पसरला होता. आम्ही वीस मिनिटे शोधले. शेवटी अ‍ॅपमधला गुप्त इशारा उघडला. असे इशारे बहुतेक अक्षरे तेरा घरे पुढे सरकवून लिहिलेले असतात. इंग्रजीची अक्षरे सव्वीस, म्हणून तेरा पुढे काय आणि तेरा मागे काय, उत्तर एकच. अ‍ॅप तो एका स्पर्शात उलगडून देते, पण मी कागदावर सोडवला. आता हा माझ्या सातवीच्या वर्गाचा आवडता उद्योग आहे.

डबी कुठे होती ते सांगणार नाही. सांगितले तर पुढच्याची मजा जाईल. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी, आत सुरळी केलेला कागद. त्यावर जर्मन, डच, इंग्रजी नावे. मी तारीख लिहिली आणि कागद ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी आमची नावे लिहिली नाहीत. मराठीत आपल्या गावाचे नाव लिहिले आणि खाली उर्दूत दादा-दादींची नावे, शेजारी-शेजारी. मग वाऱ्यात उडू नये म्हणून कागद हळूच गुंडाळला, डबी होती तिथे ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सी पॉइंटच्या किनाऱ्यावर गेलो. जिथे काही ठेवायचे नाही आणि काही उचलायचे नाही, अशा ठिकाणांना ह्या खेळात 'अर्थकॅश' म्हणतात. हा प्रकार २००४ पासून सुरू झाला. तिथे भूगर्भाविषयीचे प्रश्न असतात. जागेवर जाऊन, पाहून त्यांची उत्तरे पाठवायची. सी पॉइंटला काळसर जुना खडक आणि त्यात घुसलेला फिकट ग्रॅनाइट एकमेकांत गुंतलेले उघड दिसतात. सुमारे चौपन्न कोटी वर्षांपूर्वी खालून वितळलेला दगड वर आला आणि जुन्या खडकाच्या भेगांत शिरला. १८३६ साली चार्ल्स डार्विन इथे येऊन हेच पाहून गेला. तसा फलक तिथे आहे. हे शहरात गाळा चालवतात, खडकांशी त्यांचा संबंध फरशीपुरता. पण गुडघे टेकून त्यांनी ग्रॅनाइटमधले मोठे पांढरे स्फटिक मोजले, आणि उत्तर बरोबर आल्याचे कळल्यावर शाळेतल्या मुलासारखे मला दोनदा सांगितले.

ह्याच किनाऱ्यावर रमजान आणि ईदचा चाँद पाहायला केपटाऊनची कुटुंबे जमतात. चटया, थर्मास, मुलेबाळे घेऊन येतात आणि साध्या डोळ्यांनी चाँद शोधतात. नणंद म्हणाली, "इथे आम्ही सगळेच काही ना काही शोधतो." मगरिबला आम्ही तिथेच होतो. परतताना नारळाच्या किसात घोळवलेले कोसिस्टर घेतले. वेलचीचा वास आला आणि आपल्याकडच्या ईदची आठवण झाली.

सहा दिवसांत सात डब्या सापडल्या, तीन सापडल्या नाहीत. आकडा महत्त्वाचा नाही. घरी आमचे बोलणे गॅस, फी, लाइट बिल आणि कुणाचा दवाखाना ह्यांभोवती फिरते. बाणामागे चालताना ते विषय संपून जातात आणि नवे सुचतात. ह्यांना शुगर आहे. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून पाच वर्षे सांगितले. डबीसाठी ते दिवसाला सात-आठ किलोमीटर चालले आणि दमल्याचे रात्री आठवले.

शेवटच्या डबीत एक धातूचा बिल्ला होता, त्यावर क्रमांक कोरलेला. असा बिल्ला आपल्याकडे ठेवायचा नसतो. पुढच्या कुठल्या तरी डबीत पोहोचवायचा असतो आणि त्याचा प्रवास मालकाला अ‍ॅपवर दिसतो. म्हणजे अमानतच. आम्ही तो घेऊन मायदेशी आलो.

महिनाभराने पुण्यात एका बागेतल्या डबीत तो ठेवायला गेलो. तिथे मात्र मन वेगळे होते. केपटाऊनला झुडपात वाकलेल्या आम्हाला पाहून लोक सलाम करून पुढे जात. इथे ह्यांची दाढी, माझा स्कार्फ, हातात छोटी डबी आणि समोरून येणारा वॉचमन. आपल्या प्रत्येक स्टेशनवर बेवारस वस्तूंची सूचना कानावर पडते. ती योग्यच आहे. पण तो "काय ठेवताय?" म्हणाला तेव्हा त्या 'ठेवताय' शब्दाने माझा घसा कोरडा पडला. ह्यांनी शांतपणे त्याला जवळ बोलावले, फोन त्याच्या हातात दिला आणि डबी त्याच्यासमोर उघडली. बिल्ला, पेन्सिल, एक मणी, वही. तो म्हणाला, "आणि सापडल्यावर मिळतं काय?" "काहीच नाही," हे म्हणाले. त्यावर तो मनापासून हसला. वहीतली नावे त्यानेही वाचून पाहिली.

ह्या प्रसंगावरून आणि एकूण अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जोडीने जावे आणि उजेडात जावे. परदेशात असाल तर एकाकी टेकडीवर फोन हातात मिरवू नये. डबी शाळा, स्टेशन, विमानतळ, लष्करी जागा ह्यांच्या आसपास असू नये, असेच ह्या खेळाचेही धोरण आहे. तशी कुठे वाटली तर सोडून द्यावी. वॉचमन दिसला तर तो विचारायच्या आत आपणच सांगावे. लपून शोधण्यापेक्षा सांगून शोधणे आपल्यासाठी बरे. जमीन खणू नये, झाडे ओरबाडू नयेत. सुरुवात एक-एक अंकाच्या डबीने करावी. पोहोचण्याचा अंक एक असेल तर व्हीलचेअरही जाऊ शकते, म्हणजे अम्मी-अब्बांनाही नेता येते. खर्च फारसा नाही: साध्या डब्यांसाठी अ‍ॅप फुकट चालते, फक्त पेन स्वतःचे न्यावे.

आणि एक. बाण एकाच्याच हातात ठेवू नये. अर्ध्या वाटेवर बदलावा. दोघांपैकी कोण कसा रस्ता काढतो, हे बावीस वर्षांनीही नव्याने कळते.